पत्रकारितेचं पहिलं सेमिस्टर, एक रील आणि त्यानं दिलेला ‘हो’

जोंधळा | शनिवार, रात्री ११.१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचत होते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावची. यंदा पुण्यात पत्रकारितेच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही म्हणून नवी पेठेत कॉट बेसिसवर राहते. खोलीत पाच जणी, त्यातल्या चौघी एमपीएससीच्या. पहाटे पाचला पहिला गजर होतो.

पहिले दोन महिने फार छान गेले, हे आधी सांगते. सहा ककार शिकलो: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. माझी पहिली बातमी परत आली तेव्हा त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘काल म्हणजे कोणता काल? वार घाल.’ ‘सदर इसम’ लिहिलं तर सर विचारतात, ‘तुझी आई असं बोलते का?’ ग्रंथालयात जुन्या अंकांच्या बांधीव फायली आहेत. पान उलटताना कडा हातात येतात, तरी दुपार-दुपार तिथंच जाते. गावात आमच्याकडे पेपर फक्त तालुक्याहून येणारी वडाप घेऊन यायची, तोही दुपारी. इथं सकाळी सातला सहा पेपर समोर असतात. मला अजून त्याचं अप्रूप आहे.

आता मूळ गोष्ट. बाहेरून आलेल्या एका व्याख्यात्यांनी सांगितलं की पत्रकाराचं पहिल्या दिवसापासून स्वतःचं खातं हवं, नोकरीच्या मुलाखतीत फॉलोअर विचारतात. त्याच आठवड्यात शनिवारचं काम होतं, पाचशे शब्दांची बातमी. मी विषय घेतला: स्पर्धा परीक्षेची तयारी सोडलेली मुलं घरी का जात नाहीत. चहाच्या टपरीवर एक मुलगा भेटला. ‘कॉलेजचं काम आहे, बोलशील का?’ विचारलं. ‘हो’ म्हणाला. चौदा मिनिटं बोलला. दोन वर्षं पुस्तक उघडलेलं नाही, रात्री जेवणाची पार्सलं पोचवतो, घरच्यांना वाटतं मुख्य परीक्षा जवळ आली आहे. मी नाव बदलून बातमी लिहिली. सरांनी वर्गात वाचून दाखवली.

त्या रात्री मी त्या चौदा मिनिटांतले ३८ सेकंद कापले आणि रील टाकली. चेहरा अर्धा अंधारात होता, आवाज त्याचाच. खाली सनईचं संगीत लावलं. तोवर माझ्या रील दोनशे-अडीचशे जण बघायचे. सकाळी उठले तर चाळीस हजार. संध्याकाळी दीड लाख. मला आनंद झाला होता, हे लपवत नाही. मी आईला फोन करून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. ‘काकांनी गावच्या ग्रुपवर बघितलं,’ एवढंच म्हणाला आणि ठेवला. मी रील काढली. पण दुसऱ्या दोन पानांनी ती उतरवून घेतली होती. एकानं वर लिहिलंय, ‘आईबापाच्या पैशावर पुण्यात मजा.’ ती अजून फिरते आहे.

मला विचारायचंय ते असं. त्यानं ‘हो’ म्हटलं होतं ते कशाला? आणि मी हे खातं ठेवावं की बंद करावं? वर्गातले म्हणतात, बंद केलंस तर मागे पडशील.

(संपादन: एक वाक्य काढलं आहे. कारण खाली अभ्यासिका_क्र_७ यांच्या प्रतिसादात.)

---

सातारी_कंदी | रात्री ११.३१

पहिल्याच धाग्यात एवढं खरं लिहिलंस, त्याबद्दल आधी मनापासून शाबासकी. उत्तर उद्या विचार करून देतो. तोवर एवढंच, जेवलीस का? नवी पेठेतल्या मेसचा डबा रात्री नऊनंतर वाळवंट होतो, हे मी १९९८ पासून जाणतो.

---

दोनवेण्या | रात्री ११.५०

माझी मुलगी बारावीला आहे आणि तिला हेच शिकायचंय. धागा तिला वाचायला देणार आहे. खातं बंद कर असं आईच्या मनाला वाटतं, पण ते उत्तर नाही हेही कळतं. तुझ्या आईला पुढचं सांगितलंस का गं? आनंदाचा फोन केलास, तसा हाही कर.

---

अभ्यासिका_क्र_७ | रविवार, सकाळी ६.४०

मी सात वर्षं शास्त्री रोडवर काढली आहेत. चार पूर्व, दोन मुख्य, एक मुलाखत. निवड नाही. आता खासगी नोकरीत बरा आहे. म्हणून रागावून लिहितोय, आणि राग तुझ्यावर आहे.

त्या मुलानं घरी खोटं सांगितलं ते मजा म्हणून नाही. आमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी ते सांगतो. वडिलांनी एक एकर गहाण ठेवलेली असते, बहिणीचं लग्न पुढं ढकललेलं असतं. दिवाळीला घरी गेलं की गावातला प्रत्येक माणूस ‘साहेब कधी होणार’ विचारतो. त्याला उत्तर देण्यापेक्षा पुण्यात पार्सलं पोचवणं सोपं असतं. तो कधीतरी स्वतःच्या तोंडानं वडिलांना सांगणार होता. दिवस त्यानं ठरवायचा होता. तो तू ठरवलास.

आणि आणखी एक. तू वरच्या धाग्यात त्याचा तालुका लिहिला आहेस, आणि टपरी कोणत्या अभ्यासिकेच्या खाली आहे तेही. माफी मागायला आलीस आणि इथंही तेच केलंस. आत्ता जाऊन ते वाक्य काढ.

---

जोंधळा | रविवार, सकाळी ७.०५

काढलं. तुम्ही म्हणालात तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आणि याचीच मला जास्त भीती वाटतेय. आईलाही आत्ता फोन केला, दोनवेण्याताई. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘त्याच्या आईचा नंबर आहे का?’

---

नाना_खिळेजुळारी | रविवार, सकाळी १०.१५

पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. मी १९७४ साली एका जिल्हा दैनिकात छपाईचे खिळे (शिशाची अक्षरं) जुळवायला लागलो. पुढं मुद्रितशोधक झालो, मग उपसंपादक, आणि एकतीस वर्षांनी त्याच टेबलावरून निवृत्त झालो.

आमच्या वेळचं एक सांगतो. एका गावात विहिरीच्या पाण्यावरून तंटा झाला. वार्ताहरानं बातमी पाठवली, त्यात तक्रार करणाऱ्या बाईचं नाव होतं. मी ते तसंच जाऊ दिलं. नाव खरं होतं, तक्रार खरी होती, पोलिसांच्या नोंदीतही होतं. डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा अंक, पहाटेच्या एसटीनं त्या गावी पोचली आणि दुपारपर्यंत त्या बाईला पिठाच्या गिरणीवर दळण मिळेना. चार दिवसांनी तिचा भाऊ कार्यालयात आला. भांडला नाही. ‘साहेब, नाव छापायची काय गरज होती?’ एवढंच विचारलं. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. सहा ककारांत ‘कोण’ पहिला येतो, म्हणून छापलं होतं.

रविवारी मी त्या गावी गेलो. तिच्या ओट्यावर बसलो. तिनं चहा दिला, बोलली मात्र नाही. पुढच्या महिन्यात परत गेलो, तेव्हा बोलली.

तुझ्या आणि माझ्या चुकीत एक मोठा फरक आहे, तो तू नीट समजून घे. माझा अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत गेला. त्यात भडंग बांधून लोकांनी खाल्ली. तुझी रील रद्दीत जात नाही, ती पुन्हा पुन्हा ताजी होते. म्हणून तुम्हा मुलांना आमच्यापेक्षा जास्त जपावं लागणार आहे, आणि ते तुम्हाला कुणी शिकवत नाही. फॉलोअर मोजायला शिकवतात.

तू त्याला भेटलीस का? फोनवर नाही, समोर?

---

घाटमाथा | रविवार, दुपारी १२.४०

नानांबद्दल आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो.

चूक झाली, कबूल. पण ‘खातं बंद कर’ या वाटेला जाऊ नकोस. माझ्या गावाला सात वर्षं रस्ता नव्हता. दोन वर्तमानपत्रांत बातमी आली, आतल्या पानावर, दोन परिच्छेद. काही हललं नाही. मग गावातल्या एका पोरानं बाळंतिणीला डोलीतून नेतानाचा व्हिडिओ टाकला, तिच्या नवऱ्याला विचारून, चेहरा न दाखवता. पुढच्या उन्हाळ्यात खडी पडली.

ज्यांना छापखान्यात जागा नव्हती त्यांनी नेहमीच स्वतःचं काहीतरी काढलंय. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. त्याची जाहिरात पैसे मोजूनही ‘केसरी’नं घेतली नव्हती. त्याआधी १८७७ साली सत्यशोधक समाजाच्या कृष्णराव भालेकरांनी पुण्यातच ‘दीनबंधु’ सुरू केला होता, तोही याच कारणानं. आज ज्याच्या हातात फोन आहे त्याला कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. तुझ्यासारखी गावाकडची मुलगी हे माध्यम सोडून गेली तर मागे कोण उरेल? ती ‘आईबापाच्या पैशावर मजा’ लिहिणारी पानंच उरतील.

---

अभ्यासिका_क्र_७ | रविवार, दुपारी १.०२

घाटमाथा, मूकनायक ज्यांचा आवाज होता त्यांच्याच हातात होता. इथं आवाज त्या मुलाचा आणि खातं हिचं. दोन्ही एका मापात घालू नका.

---

घाटमाथा | रविवार, दुपारी १.२०

मान्य. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. आमच्या गावचा व्हिडिओ गावातल्याच पोरानं टाकला होता, म्हणूनच कदाचित नीट झाला.

---

तिसरी_घंटा | रविवार, दुपारी ३.००

सगळा दोष सोशल मीडियावर टाकणाऱ्यांसाठी: २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला. तेव्हा कुणाकडे स्मार्टफोन होता? आमच्या गल्लीत एकच लँडलाइन होता, तरी दुपारी बारापर्यंत पेठेतलं दूध संपलं. माझी आजी वाटी घेऊन रांगेत उभी होती आणि मीही तिच्या मागे होतो. आम्हा सगळ्यांना त्या दिवशी फार आनंद झाला होता, हेही खरं.

---

सातारी_कंदी | रविवार, दुपारी ३.१२

आमच्याकडे त्या दिवशी चहा कोरा मिळाला. वडील म्हणाले, देवानं प्यायलं ना, मग तक्रार नको.

---

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ५.४५

तिसरी_घंटा, अफवा जुनीच आहे, पण दूध संपण्यात आणि माणूस मरण्यात अंतर आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजारात पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप महिनाभर फिरत होते. ती माणसं मंगळवेढा भागातली नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून जगणारी. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी निरोप पुढं ढकलता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसं गेली, मग पाचची मर्यादा आली. हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि आता दुसरी बाजू, कारण तीही मी अंगावर काढली आहे. ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीत पूर आयर्विन पुलाच्या फुटांवर मोजतात. ४५ फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं, २००५ च्या पुराची खूणही बुडाली. आमच्या अपार्टमेंटचे दोन मजले पाण्यात. वीज नाही, टीव्ही नाही, पेपर नाही. चार्जिंग उरलेला एक फोन आळीपाळीनं वापरायचो. कोणत्या गल्लीत होडी आहे, कुठं इन्सुलिन हवंय, कुणाची म्हातारी गच्चीवर आहे, सगळं त्या एका ग्रुपवर. माझ्या सासऱ्यांना त्या ग्रुपमुळं होडी मिळाली.

पण त्याच ग्रुपवर दर दोन तासांनी ‘अमुक धरणाचे सगळे दरवाजे उघडले, आणखी दहा फूट पाणी येतंय’ असंही यायचं. तिसऱ्या मजल्यावरचे लोक घाबरून अंधारात खाली उतरायला निघाले होते. त्यांना थांबवलं एका निवृत्त शाखा अभियंत्यानं. तो काय करायचा? फक्त जलसंपदा खात्याचा विसर्गाचा आकडा आणि त्यापुढं वेळ लिहायचा. ‘सकाळी ८ वाजता एवढे क्यूसेक.’ दुसरं एक अक्षर नाही. जोंधळा, तुमचे सर ‘काल म्हणजे कोणता काल’ विचारतात ना? त्या पुरात मला त्या प्रश्नाची किंमत कळली. वेळ घातलेला निरोप खरा निघायचा, वेळ नसलेला खोटा.

---

डाकआवृत्ती | रविवार, रात्री ९.२०

नानांनी डाक आवृत्तीचं नाव काढलं आणि राहवलं नाही. मी तालुक्याचा वार्ताहर, सतरा वर्षं झाली. जोंधळा, तुला वर्गात सांगत नसतील ते सांगतो.

पूर्वी एका अपघाताची बातमी म्हणजे ठाण्यात फोन, सरकारी दवाखान्यात फेरी, चार ओळी. आता त्याच अपघाताचा फोटो, उभा व्हिडिओ, आडवा व्हिडिओ, वेबसाइटसाठी तीन ओळी आणि रात्री छापील अंकाची कॉपी. मानधन तेच आहे, आणि दिवाळीला जाहिरातीचं टार्गेट वेगळं. मी जागेवर पोचतो तेव्हा रस्त्यावरच्या वीस जणांनी शूटिंग केलेलं असतं. मृताच्या घरच्यांना खबर पोलिसांच्या आधी फोनवर गेलेली असते. गेल्या वर्षी एका बाईला नवरा गेल्याचं स्टेटसवरून कळलं. मी तिच्या दारात उभा होतो.

तेव्हापासून मी एक करतो. घरच्यांना कळलंय याची खात्री होईपर्यंत नाव पाठवत नाही. डेस्कवरून ओरडा बसतो, बाकीच्यांकडे आलं म्हणतात. बसू दे.

खातं माझंही आहे. त्यावर मी बाजारभाव, पाण्याच्या पाळ्या आणि एसटीचं वेळापत्रक टाकतो. त्याला माणसं फार विचारतात. कांद्याचा भाव टाकायला एक दिवस उशीर झाला तर फोन येतात.

---

काळाकोट | सोमवार, सकाळी ८.१५

वकील आहे, म्हणून कायद्याची बाजू. पण सल्ला म्हणून घेऊ नका, तेवढी माहिती इथं नाही.

तुम्हा विद्यार्थ्यांना पालघरचं प्रकरण शिकवतात की नाही माहीत नाही, शिकवायला हवं. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर त्याबद्दल प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीनं ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. विशीतल्या मुली, जोंधळा, तुझ्याच वयाच्या. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिखाणाला गुन्हा ठरवणारं कलम, रद्द झालं. तुम्ही आज जे निर्धास्तपणे लिहिता त्यात त्या मुलींच्या भोगण्याचा वाटा आहे.

आता तुझा प्रश्न. ‘हो’ कशाला होता? ज्या कामासाठी विचारलंस त्या कामाला. तू ‘कॉलेजचं काम’ म्हणालीस, त्यानं कॉलेजच्या कामाला होकार दिला. सर, तीस मुलं आणि एक वही, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढं होतं. कायदा बाजूला ठेव, साध्या व्यवहारातसुद्धा शेजारीण साखर मागते तेव्हा आपण डबा देतो, घराची किल्ली देत नाही.

करता येण्यासारखं: त्या दोन पानांविरुद्ध त्या मुलानं स्वतः तक्रार करायला हवी. मंचांवर खासगीपणाच्या तक्रारीची सोय असते आणि ज्याचा आवाज-चेहरा आहे त्याच्या तक्रारीला वजन असतं. मूळ चित्रफीत तुझी असल्यानं तूही वेगळी तक्रार कर. पण आधी त्याला विचार. पुन्हा त्याच्या वतीनं परस्पर काही करू नकोस.

---

दोनवेण्या | सोमवार, सकाळी ९.००

साखर आणि किल्ली! वहीत लिहून ठेवलं. आभार.

---

सातारी_कंदी | सोमवार, सकाळी ११.२५

विचार करून उत्तर देतो म्हणालो होतो.

मी महाविद्यालयात शिकवतो, पत्रकारिता नाही, भूगोल. ११ मार्च २०२१ ला एमपीएससीची तीन दिवसांवर आलेली परीक्षा पुढं ढकलल्याची बातमी आली तेव्हा मी नवी पेठेतच होतो. अर्ध्या-पाऊण तासात शास्त्री रोड भरला. कुणी पत्रक छापलं नव्हतं, कुणी भोंगा फिरवला नव्हता. पोरांच्या फोनवर निरोप आला आणि अभ्यासिका रिकाम्या झाल्या. परीक्षा मग २१ मार्चला झाली. त्या पोरांचं ऐकलं गेलं ते या माध्यमामुळं. म्हणून ते वाईट असं माझ्यानं म्हणवत नाही.

पण त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्या मुलांना सगळ्यांनी बघावं असंच वाटत होतं. जोंधळाच्या टपरीवरच्या मुलाला तसं वाटत नव्हतं. माझ्या मते एवढंच तपासायचं असतं, आणि ते तपासायला अर्धा मिनिट पुरतो. रील टाकण्याआधी त्याला पाठवून ‘हे टाकू का?’ विचारलं असतंस तर तो ‘नको’ म्हणाला असता. तुलाही ते माहीत होतं का, हा प्रश्न स्वतःला विचार.

अवांतर: डबा वाळवंट झाला तर सदाशिव पेठेत एक आजी दोन तास पिठलं-भाकरी देतात. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, इथं लिहिला तर उद्या तिथं रांग लागेल आणि आजी दमतील.

---

जोंधळा | सोमवार, रात्री १०.५०

सातारीकाका, माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही. हे लिहायला मला दिवस लागला.

उद्या त्याला शोधायला जाते.

---

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री १०.५८

हे वाक्य लिहिलंस, बास. जा.

---

डाकआवृत्ती | मंगळवार, सकाळी ७.३०

फोन खिशात ठेव. वहीसुद्धा काढू नकोस.

---

जोंधळा | शुक्रवार, रात्री ९.४०

उशीर झाला, क्षमस्व. तीन दिवसांचं एकदम लिहिते. जेवढं लिहिते तेवढं त्याला वाचून दाखवलं आहे. त्यानं दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली.

मंगळवारी तो टपरीवर नव्हता. मित्र म्हणाला, खोली सोडली. बुधवारी मी फोन केला, उचलला नाही. गुरुवारी उचलला. ‘कुठं भेटायचं?’ विचारलं तर म्हणाला, ‘तुला कशाला भेटू?’ मी म्हटलं, माफी मागायचीय. म्हणाला, ‘त्याची रील नको करू.’ मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. शेवटी त्यानंच जागा सांगितली.

वडील येऊन गेले होते. ओरडले नाहीत. खोलीवरची पुस्तकं पिशवीत भरली आणि घेऊन गेले. जाताना पंधराशे रुपये ठेवले. तो म्हणाला, ओरडले असते तर बरं झालं असतं. तो अजून पुण्यातच आहे, दुसरीकडं राहतो, रात्रीचं काम चालू आहे. काकांच्या ग्रुपवरून ती रील काढता येईल का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, येणार नाही. खोटी आशा दाखवली नाही.

काळाकोट, तक्रारीचं सांगितलं. आम्ही तिथंच बसून त्याच्या फोनवरून दोन्ही पानांविरुद्ध तक्रार केली. एका पानावरून रील गेली. दुसऱ्याचं काही कळलं नाही.

निघताना मी विचारलं, बातमीचं काय करू? वर्गात दिलेली. तो म्हणाला, ‘मला वाचायला दे.’ मी दिली. तिथंच उभ्यानं वाचली. म्हणाला, ‘यात तू मला बिचारा केलंयस. महिन्याला किती मिळवतो ते विचारलंच नाहीस. मी घरी पैसे पाठवतो.’

खरंच विचारलं नव्हतं. चौदा मिनिटांत एकदाही नाही. ‘का’ आणि ‘कसे’ सोडून मी फक्त रडण्याच्या जागा शोधत होते.

खात्याचं म्हणाल तर, बंद केलेलं नाही, पण पंधरा दिवस काही टाकणार नाही. वर्गातल्या एकीनं विचारलं, तुझी रीच पडेल ना? पडू दे.

---

अभ्यासिका_क्र_७ | शुक्रवार, रात्री १०.१०

परवा रागानं लिहिलं होतं. आज सांगतो, तू गेलीस ते बरं केलंस. राग पूर्ण गेलेला नाही, पण मी तुझं वाचत राहीन.

त्याला माझा नंबर हवा असेल तर दे. मला काही शिकवायचं नाही त्याला. सात वर्षांनंतर वडिलांशी पहिलं वाक्य काय बोललो, ते सांगेन म्हणतो. मी माझ्या वडिलांना पगाराची पहिली स्लिप दाखवली होती, बोललो नव्हतोच.

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री १०.३०

पंधराशे रुपये वाचून गलबललं. आमच्या पिढीतले बाप असंच बोलायचे.

---

घाटमाथा | शुक्रवार, रात्री १०.४४

‘यात तू मला बिचारा केलंयस’ हे त्यानं म्हटलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या गावावर येणाऱ्या बातम्यांतही हेच होतं. आम्ही नेहमी डोलीतच असतो. यात्रेतले, शेतातले, हसणारे आम्ही कुणाला नको असतो. पुढच्या वेळी आमच्याकडं ये. भातलावणीच्या दिवसांत ये. राहायची सोय आमच्या घरी, आई आणि वहिनी आहेत.

---

नाना_खिळेजुळारी | शनिवार, सकाळी ७.५०

पोरी, तो तुझ्या बातमीचा पहिला खरा संपादक झाला. माझ्या ओट्यावरच्या बाईनंही दुसऱ्या भेटीत हेच केलं होतं, विहिरीचं पाणी किती हंडे आणि कुणाला किती, हा सगळा हिशेब मला सांगितला. त्याची बातमी झाली, तिच्या नावाशिवाय, आणि तिला विचारून.

आता ती पाचशे शब्दांची बातमी पुन्हा लिही. मिळकत किती, घरभाडं किती, घरी किती जातात, रात्री किती वाजता सुटतो, तयारी सोडल्यावर पहिली पार्सल कुठं पोचवली, सगळं विचार. त्याला द्यायचं असेल तर. नको म्हणाला तर वही मिटव आणि चहा पिऊन ये.

लिहून झालं की इथं टाकू नकोस. त्याला दाखव, मग मला व्यनि कर. लाल पेनात शाई भरून ठेवली आहे.

---

जोंधळा | शनिवार, सकाळी ८.०५

नाना, त्याला विचारलं. सोमवारी त्याची सुट्टी असते, तेव्हा बसू म्हणाला. चहा तो पाजणार आहे.